विल्फ मिजलीच्या सहाशे चाळीस विजारी

विल्फ मिजलीने छत्तीस वर्षांत फार तर सहा लढाया जिंकल्या असतील, आणि त्यातल्या दोन समोरचा गडी तापाने फणफणून घरी निघून गेला म्हणून. टेबलावरच्या लढाया म्हणतेय मी. इंचभर उंचीचे शिशाचे सैनिक, हिरव्या कापडाने झाकलेलं टेबल, फासे, मोजपट्टी आणि नियमांचं एक जाडजूड पुस्तक. त्या पुस्तकावरून आमच्या क्लबात दोन सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. प्रत्येकाचं सैन्य ठरलेलं. माझे ग्रीक, डगी हॉर्सफॉलचा सिकंदर, आणि विल्फचे जुने इराणी, दरायस बादशहाचे. इराणी घेतले की हरायची सवय लावून घ्यावी लागते, हे खरंच. पण विल्फ हरायचा त्याचं कारण वेगळं होतं. तो फलटणी रंग बघून मांडायचा.

"अरे विल्फ, तिरंदाज मागे का ठेवलेस? मागून काय ढगांना बाण मारणार आहेत?" असं मी विचारायची.

"पुढे मंजिष्ठी लाल विजारवाले आहेत ना. त्यांच्या शेजारी हे जांभळे उभे केले तर दोघांचाही रंग मरेल."

"आणि आता दोघंही जिवानिशी मरतील त्याचं काय?"

"मरू देत गं. दिसतात कसे ते बघ."

दिसायचे मात्र. ते मी कबूल करते, आणि मी सहसा काही कबूल करत नाही. विल्फ पंधराव्या वर्षी हॅलिफॅक्सच्या एका गालिच्याच्या गिरणीत रंगखात्यात लागला आणि गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच लोकरीचे रंग जुळवत राहिला. गिऱ्हाईक गालिच्याचा तुकडा आणायचं, त्याच्याशी हुबेहूब जुळणारा रंग विल्फ कढईत उतरवायचा. जुळला की नाही ते दिव्याखाली बघायचं नाही, लोकर उत्तरेच्या खिडकीत न्यायची, हा तिथला शिरस्ता. त्याने तो घरी आणला. स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत बसून, दिवसाउजेडीच, आठवड्याला चार-पाच सैनिक. हिवाळ्यात दोनच. इराण्यांच्या अंगात विजारी असतात, ग्रीकांसारखे उघडे पाय नाहीत, म्हणून तर त्याने इराणी घेतले. बाकीचे लोक एका फलटणीला एक रंग फासून मोकळे होतात. विल्फच्या सैन्यात सहाशे चाळीस सैनिक होते आणि एकाची विजार दुसऱ्यासारखी नव्हती. चौकटी, पट्टे, ठिपके, नागमोडी रेघा. बादशहाच्या फौजेत हिंदी तिरंदाजांची एक तुकडी होती, पांढऱ्या सुती कपड्यांतली, तर त्यांच्यासाठी त्याने सात वेगवेगळे पांढरे तयार केले. सात! मी भिंग घेऊन मोजले.

त्याची बायको एनिड, देव तिचं भलं करो, शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांना स्वतःच्या विजारीचं बटण लावता येत नाही, आणि बादशहाच्या अख्ख्या फौजेचे शिंपी झालेत." एनिड गेली त्या वर्षी विल्फने एकही सैनिक रंगवला नाही. पुढच्या वर्षी एकदम उंटस्वार काढले, सगळे करड्या रंगात.

आता क्लबाबद्दल सांगते. तोंड वाकडं न करता सांगता येणार नाही.

दर शनिवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. बावीस पुरुष आणि मी. माझा नवरा रॉय मला घेऊन आला आणि दोन वर्षांत कंटाळून गोल्फकडे वळला, मी राहिले. मी बत्तीस वर्षं इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करण्याच्या खात्यात काढली आहेत, त्यामुळे मला ते दिसतं जे इतरांना दिसत नाही. ओल्या कोटांचा वास. त्याखाली माणसांचा वास. चहाच्या मोठ्या बंबाच्या तोटीखाली वर्षानुवर्षं साचलेला तपकिरी थर. बशीत उरलेला पोर्क पायचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या कचोरीचा, तुकडा आणि त्यावरची थरथरणारी चरबीची जेली, जी कुणीतरी हमखास दुपारी तीन वाजता बोटाने काढून खातं. त्याच बोटाने पुढे फासे टाकतं. मी माझे फासे वेगळ्या पिशवीत आणते आणि घरी गेल्यावर साबणाने धुते. हसायचे सगळे मला. हसू देत.

या सगळ्यांवर कळस म्हणजे डगी हॉर्सफॉल. गवंडीकाम करायचा, आता निवृत्त. तपकिरी स्वेटर एकच, कोपरावर भोक, त्या भोकातून दुसरा स्वेटर दिसतो. दाढीत सकाळचं अंडं. नाक बाहीला पुसणार, फासा टाकायच्या आधी तळहातावर थुंकल्यासारखं करणार. एका हातात बेकन सँडविच, तूप गळावं तशी त्यातून चरबी मनगटापर्यंत गळतेय, आणि दुसऱ्या हातात विल्फचा घोडेस्वार! मी समोर बसून बघायची. घोडेस्वाराच्या पाठीवर अंगठ्याचा तेलकट ठसा. मी रुमालाने टिपायला जायची, तोवर विल्फ म्हणायचा, "असू दे गं ऑड्री."

मला वाटायचं, बिचारा भिडस्त आहे.

म्हणून मी त्याच्या मागे लागले, वार्निश लाव. सगळेच लावतात. सैनिक रंगवून झाला की वर पारदर्शक वार्निशचा एक फवारा, म्हणजे हाताळलं तरी रंग जात नाही. विल्फने जन्मात लावलं नाही. "रंगावर काच बसवायची आणि मग रंग बघायचा? काचच दिसणार मग," म्हणायचा. मी म्हटलं, बिनचकाकीचं मिळतं हल्ली. तो म्हणाला, "बिनचकाकीची काच." दर वर्षी विचारायची, दर वर्षी तेच उत्तर. माणूस मऊ होता, पण त्या मऊपणाच्या आत एक दगड होता, आणि तो कुठे आहे हे पायाला लागेपर्यंत कळायचं नाही.

गेल्या ऑगस्टात विल्फच्या डोळ्यांचं निघालं. पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. तो समोरच्याचं तोंड बघायला मान तिरपी करू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, नाताळपर्यंत मधलं सगळं जाईल, कडेचं थोडं राहील, आणि रंग आधी जातील. शनिवारी येऊन त्याने हे चहा मागावा तसं सांगितलं. मग म्हणाला, "माझं एक काम करा. माझी सगळी फौज एकदा एका टेबलावर बघायची आहे मला."

त्याने ती कधीच एकत्र बघितली नव्हती. खेळात प्रत्येक सैनिकाची किंमत गुणांत ठरलेली असते आणि दोन्ही बाजूंना सारखे गुण मिळतात, त्यात बसेल तेवढंच सैन्य मांडायचं, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. आणि त्याच्या घरातलं टेबल पाटाएवढं. छत्तीस वर्षं रंगवलेली फौज बिस्किटांच्या तेवीस डब्यांत पडून होती.

आमचे अध्यक्ष ग्रॅहम टॅटरसॉल, त्यांच्या पोटात लगेच नियम दुखायला लागले. "चार टेबलं जोडावी लागतील. नोव्हेंबरात स्पर्धेचे सामने आहेत. शिवाय सहाशे चाळीस म्हणजे गुणांचं काय?"

"ग्रॅहम," मी म्हटलं, "त्या गुणांची सुरळी करा आणि कुठे ठेवायची ते मला विचारू नका."

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार ठरला. चारही टेबलं जोडायची, विल्फचे सगळे इराणी एका बाजूला, आणि समोर डगीचा सिकंदर माझ्या ग्रीकांना घेऊन. दुपारी एक वाजता. विल्फला आता डबे उचलून जिना उतरणं जमणार नव्हतं, म्हणून मी गुरुवारीच गाडी घेऊन त्याच्या घरी गेले आणि तेवीस डबे माझ्या घरी आणले. निघताना दारात पुन्हा एकदा विचारलं. आठ-दहा जणांचे हात फिरणार आहेत विल्फ, त्यात डगीचे. एक हलका फवारा मारू का?

"नाही," तो म्हणाला. चिडून नाही. नुसतं नाही.

मी हो म्हटलं, आणि घरी येताना वाटेत सात डबे वार्निश विकत घेतलं.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, त्याला दिसणारच नाहीये. मला वाटलं, फौज वाचली पाहिजे, माणूस हट्टी असला तरी. मला वाटलं, या सगळ्या गलिच्छ लोकांत एकटी मीच आहे जिला तिची किंमत कळते. शेवटी ती कुणाकडे जाणार हेही मी मनात ठरवून टाकलं होतं. रॉयला सांगून दिवाणखान्यातलं काचेचं कपाट रिकामंसुद्धा केलं होतं. विल्फ तसं कधी बोलला नव्हता. पण दुसऱ्या कुणाकडे जाणार?

शुक्रवारी दिवसभर धुकं. आमच्या दरीत नोव्हेंबरात धुकं उतरतं ते भिंतींना पाणी सुटेपर्यंत उठत नाही. वार्निशच्या डब्यावर लिहिलं होतं, दमट हवेत वापरू नये. मी ते वाचलं. ज्या बाईने बत्तीस वर्षं यंत्रांवरच्या सूचना इतरांना वाचून दाखवल्या, तिने ते वाचलं आणि स्वतःला सांगितलं की गॅरेज कोरडं आहे. नाकाला फडकं बांधलं, हातमोजे घातले, फळ्यांवर सगळी फौज मांडली. आधी एकाच सैनिकावर मारून बघावं हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी सहाशे चाळीसांवर एका दमात मारलं. काम आटोपशीर करायची सवय ना! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

चहा घेऊन परत आले तर फौज पांढरी झाली होती.

पीठ चाळून ठेवल्यासारखी. ओल वार्निशमध्ये अडकली की ते असं फुलतं, राखाडी-पांढरं, बुरशीसारखं. विजारी गेल्या, ठिपके गेले, तोंडं गेली. कबरीतून उकरून काढलेली माणसं ओळीने उभी असावीत तशी ती उभी होती. मी केस वाळवायचं यंत्र आणून गरम हवा मारली. काही होईना. ओल्या फडक्याने एकाचं तोंड पुसलं, तर फडक्याला अर्धा गाल लागून आला. मी मोरीशी जाऊन ओकले. मग तोंड धुऊन पुन्हा येऊन बघितलं, आणि पुन्हा गेले.

विल्फला फोन करायला हवा होता. तीनदा उचलला आणि ठेवला.

शनिवारी आठ वाजता मी सगळं हॉलमध्ये नेलं, कारण दुसरीकडे कुठे नेणार? ग्रॅहम टेबलं जोडत होते. आणखी सहा जण होते. डगी खुर्च्या लावत होता, तोंडात सँडविच धरून. मी एक एक डबा उघडून फौज मांडली आणि म्हटलं, मी केलं. त्याने नाही म्हटलं होतं आणि मी केलं.

बंब तेवढा उकळत होता. ग्रॅहमनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मला वाटलं, बोला रे, शिव्या तरी द्या. तेवढ्यात डगी जवळ आला, सँडविच खिशात कोंबलं आणि विचारलं, "एक उचलू का?"

"उचल ना! आता काय राहिलंय? चाट हवं तर!"

त्याने एक भालाईत उचलला, नाकाजवळ धरून बघितला, फिरवला. मग त्याचे डोळे बारीक झाले. "अगं ऑड्री, इकडे ये. हे बघ."

भालाइताच्या मांडीवर त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा होता, आणि त्या ठशाच्या आत किरमिजी चौकटी होत्या. बाहेर सगळं बुरशी. ठशाच्या आत विल्फची विजार.

"चरबी," डगी म्हणाला. "ओल्या भिंतीच्या चुन्यावर तेल पडलं की डाग असाच गडद दिसतो. बेकनची चरबी चालली तर कुठलंही तेल चालेल."

"ऑलिव्ह तेल!" ग्रॅहम ओरडले. "माझ्या भावाने त्याच्या रोमन लोकांवर वापरलं होतं." ज्या भावाशी ते नऊ वर्षं बोलत नव्हते तो. भांडण चौथ्या नियमावरून, घोडदळाचं वळण. त्यांनी त्याला तिथल्या तिथे फोन केला. "हो, मीच. नाही, वळणाबद्दल नाही. तेल किती लावलंस?" मग कोट न घालताच दुकानाकडे पळाले.

नऊपासून पाऊण वाजेपर्यंत आम्ही आठ जणांनी सहाशे चाळीस इराण्यांना तेल चोळलं. कुंचले चारच होते, बाकीच्यांनी बोटं वापरली. मीही. हातमोजे घातले तर विजारीच्या चुण्यांत बोट जात नव्हतं, म्हणून ते काढले. दोन्ही बाजूंना दोन पुरुषांची कोपरं, त्यांच्या श्वासाला कांद्याचा वास, टेबलावर तेलाचे ओघळ, माझी नखं काळी, मनगटं चिकट. डगी माझ्या बशीतल्या तेलात बोट बुडवायचा, त्याच बोटाने दाढी खाजवायचा, पुन्हा बुडवायचा. मला शिसारी येत होती आणि मी थांबत नव्हते.

बरेच परत आले. निळे, मंजिष्ठी, हिरवे. उंट परत आले. पण सगळं तेलाने तुकतुकीत झालं होतं, आणि हिंदी तिरंदाज परत आलेच नाहीत. पांढऱ्यावर पांढरी बुरशी, त्यात तेल. सात पांढऱ्यांचा मिळून एकच पिवळट झाला, जुन्या दाताचा असतो तसा. मी त्यांना मागच्या रांगेत ढकललं.

एक वाजता विल्फ टॅक्सीतून उतरला. नवी टोपी, गळ्यात टाय. एनिडच्या अंत्यविधीनंतर मी त्याच्या गळ्यात टाय पाहिला नव्हता. हॉलमध्ये आला, चार टेबलांच्या एका टोकाला उभा राहिला आणि मान तिरपी केली, डोळ्याच्या कडेने बघायला. मग टेबलाच्या कडेने हळूहळू चालू लागला. त्याच्या बुटांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

अर्ध्यावर थांबला. "ही माणसं कुणी तळली?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. विल्फ हसला नाही. त्याने एक सैनिक उचलून नाकाशी धरला. "ऑलिव्ह. आणि त्याच्या खाली वार्निश." मग शेवटपर्यंत गेला, थेट हिंदी तिरंदाजांपाशी, जणू त्याला ठाऊकच होतं कुठे बघायचं ते. त्यांच्यावर वाकून बराच वेळ उभा राहिला.

"कोणी?"

"आम्ही सगळ्यांनीच रे," डगी म्हणाला. ग्रॅहम म्हणाले, "क्लबाची जबाबदारी आहे." बाकीच्या पाचही जणांनी माना हलवल्या. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. ज्यांना मी तीस वर्षं डुकरं म्हणत आले तेच हे.

"मी," मी म्हणाले. "काल. धुक्यात."

"बरं," विल्फ म्हणाला. खुर्ची ओढून बसला. "डगी, तुझा फासा पहिला."

खेळ झाला. डगीने दयामाया दाखवली नाही, आणि ते बरंच केलं, कारण विल्फला ते लगेच कळलं असतं. इराण्यांची डावी बाजू तिसऱ्या खेळीत फुटली, कारण तिथे रथांऐवजी विल्फला निळे पायदळवाले हवे होते. सव्वाचारला बादशहा पळाला. खेळ संपला की समोरच्याशी हात मिळवायचा, जिंको वा हरो, ही आमच्याकडची पद्धत. विल्फने डगीशी हात मिळवला, ग्रॅहमशी मिळवला, टेबलाभोवतीच्या एकेकाशी मिळवला. माझ्यापाशी आला. माझा हात पुढे होता, तेलाने बरबटलेला.

त्याने मान तिरपी करून तो बघितला.

"मला बघायची होती ती फौज ही नव्हे," तो म्हणाला. "आणि नाताळनंतर दुसरी कुठलीच दिसणार नाही."

"विल्फ, मला वाटलं की हे सगळे आपल्या घाणेरड्या हातांनी—"

"डगीचे हात घाण आहेतच. पण तो दर वेळी विचारतो. तीस वर्षं, प्रत्येक वेळी. उचलू का विल्फ, बघू का विल्फ. तू कधी ऐकलं नाहीस?"

ऐकलं होतं. दर शनिवारी ऐकलं होतं. मी अंगठ्याकडे बघत होते.

त्याने हात मिळवला नाही. टोपी घातली आणि डगीच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेला. मी मागे राहून आठ जणांच्या बशा धुतल्या. तेल गार पाण्याने जात नाही, आणि त्या हॉलला गरम पाणी नाही.

तेवीस डबे डगीकडे गेले. नाताळनंतर विल्फ वृद्धाश्रमात राहायला गेला, तिथे त्याला एक खिडकी आणि एक फळी मिळाली, आणि फौज त्याने डगीला सांभाळायला दिली. माझं काचेचं कपाट रिकामंच आहे. रॉयने त्यात गोल्फचा एक चषक ठेवलाय, चौथ्या क्रमांकाचा.

दर रविवारी डगी विल्फला आपल्या घरी जेवायला आणतो. फेब्रुवारीत एका रविवारी मी दार ठोठावलं. डगीने आत घेतलं. त्या घराबद्दल मी काय सांगू! बेसिनमध्ये भांड्यांचा डोंगर, खुर्चीवर मांजर आणि मांजराच्या खाली आणखी काहीतरी, जे बघायचं धाडस मला झालं नाही. पण एक भिंत स्वच्छ होती. डगीने स्वतः बांधलेल्या फळ्या, उत्तरेच्या खिडकीसमोर, आणि त्यांवर सगळी फौज. मंजिष्ठी आणि जांभळे लांब लांब. कुठला कुठे ठेवायचा ते विल्फने खुर्चीत बसून सांगितलं होतं आणि डगीने तसे ठेवले होते, विचारत विचारत.

मी भिंतीपाशी गेले. हिंदी तिरंदाज वरच्या फळीवर होते, पिवळट. माझा हात अर्ध्यात थांबला.

"डगी, एक उचलू का?"

"मला काय विचारतेस?" डगी भाजलेल्या मांसाचा घास चावत म्हणाला. "ज्याचे आहेत तो बसलाय बघ."

विल्फ खिडकीकडे तोंड करून बसला होता. आता त्याला डोळ्याच्या कडेने उजेड, अंधार आणि आकार तेवढे कळतात.

"विल्फ, एक उचलू का?"

"नाही," तो म्हणाला. तसंच. चिडून नाही.

सात रविवार झाले. मी दर वेळी विचारते आणि तो नाही म्हणतो. मग मी हात मांडीवर ठेवून बसते, आणि डगी त्याच्या कळकट कपात मला चहा देतो, तो पिते.